पंखावरचं नाव

साय-बोयू, २७ मे

एल्दियार,

पाकीट फेकू नकोस. आत दह्याचं कुरुत आहे, तुला आवडतं तसं खारट आणि कडक वाळवलेलं. आधी ते काढून घे, मग पत्राचं काय करायचं ते कर. पण वाचून कर.

दोन वर्षं झाली, तुझा नंबर लावला की ती बाई गोड आवाजात सांगते, संपर्क होऊ शकत नाही. परवा मी तिला चांगलंच झापलं. म्हणून आता हे जोल्दोशच्या टॅक्सीतून पाठवते आहे. तो बिश्केकच्या फेऱ्या मारतोच. आणि तो दारात उभा राहिला की तुला दार लावून घेता येणार नाही, त्याचं पोट मध्ये येईल.

कामाचं बोलते. आठ तारखेला अंदिजानला तुझ्या मेहुणीचं लग्न आहे, हे मला गावातून कळलं. तू सीमा ओलांडून जाऊ नकोस.

का, ते विचारू नकोस. विचारशीलच म्हणा, जन्माची खोड तुझी. तर ऐक. चौकीवर मरणाची गर्दी असते, उन्हात माणसं भाजून निघतात. शिवाय पलीकडे म्हणे गोवराची साथ आहे, आणि मोठ्या माणसाला गोवर झाला तर फार वाईट. मुहाय्यो आधीच माहेरी पोचली आहे ना? मग तुमच्या घरातलं माणूस लग्नाला पोचलं, झालं. बायकोला सांग, काम निघालं. जून म्हणजे लग्नांचा हंगाम. तुझ्या त्या ड्रोनला, उडत्या मिक्सरला, उसंत कुठली?

इकडे सगळं ठीक. म्हणजे तसं ठीक नाही. मंडळाला सील लागलंय. मामीतोव म्हणून नवा निरीक्षक आला, हातात कागद: पाव किलोच्या वर जे जे उडतं त्याची नोंदणी झालीच पाहिजे. बाबांनी शाळेमागच्या खोलीत विमानमंडळ काढलं, पोरांच्या दोन पिढ्या तिथे घडल्या, पण आमच्या मॉडेलांची वजनं आजवर कुणी विचारली नव्हती. मामीतोवने एक ग्लायडर उचललं, उलटं केलं आणि त्याच्या पोटात बोट घालून बघितलं.

“कॅमेरा कुठाय?”

“नाही.”

“रिमोट?”

“नाही.”

“मग मोटर तरी?”

“तीपण नाही. लांब दोरी लावायची आणि पळायचं. पतंगासारखं वर चढलं की दोरी सुटते. मग ते आणि हवा.”

“म्हणजे वर गेल्यावर तुमचा ताबा शून्य?”

“शून्य.”

“अहो बाई, मग हे ड्रोनपेक्षा वाईट!”

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! मी त्याला म्हटलं, साहेब, ड्रोन लोकांच्या अंगणात डोकावतं, आमचं मॉडेल फक्त आभाळात बघतं. तो म्हणाला, “ते खरं असेल, पण अर्जात चालकाच्या परवान्याचा रकाना आहे. तो मी काय भरू? हवा?” आणि सगळ्या कपाटांना सील ठोकून गेला. अर्ज दिलाय. बघू.

तुला एवढ्यात कुणी काही विचारलं का? पोलीसबिलीस? सहज विचारते.

जाऊ नकोस.

अजूनही तुझी थोरली बहीण,
साल्कीन एजे


साय-बोयू, ३१ मे

एल्दियार,

जोल्दोशने तुझा निरोप सांगितला. “एजेला म्हणावं, गोवर मला लहानपणीच होऊन गेला, तिनेच शाळेतून आणला होता.” मी चुलीपाशी उभी होते. हसलेही आणि रडलेही. दोन वर्षांत तुझं मला आलेलं हे पहिलं वाक्य. मग त्याने दुसरं सांगितलं, “लग्नाला मी जाणार.” तिथे माझं हसू संपलं.

बरं बाबा, गोवर नाही. गर्दीपण नेहमीचीच. खरं सांगते, पण पत्र वाचून झालं की जाळ.

मंडळाचं एक मॉडेल पलीकडे गेलं. वारा फिरला आणि ते निसटलं. कालवा ओलांडला, तारेचं कुंपण ओलांडलं, तिकडच्या कापसाच्या शेतांवर गेलं आणि दिसेनासं झालं.

आता हसशील. हस. तुझा हक्क आहे. चुलतबहिणीच्या लग्नात तुझं ड्रोन चौकीच्या बाजूला गेलं, शिपाई मांडवात घुसले, वाजंत्री बंद पडली, आणि मी भर पंगतीत तुला म्हटलं, “तू आमचं आभाळ बंद केलंस.” तू न जेवता उठलास. त्यानंतर आमच्या मैदानावर बंदी आलीच की नाही? महिन्यातून चार दिवस उडवायला देतात, तेही आधी कळवून. म्हणून मी माझा एक शब्दही मागे घेत नव्हते. तुझं यंत्र मुकाट हुकूम पाळतं. ज्याला काही कळत नाही असा माणूस ते दुकानातून आणतो, बोटाने उडवतो आणि सगळ्यांच्या मुळावर येतो. मॉडेल बांधायला हिवाळा जातो. फासळी फासळी घासताना माणूस हवा शिकतो. हे मी आजही म्हणते.

पण गेलं ते माझंच गेलं. पलीकडे ड्रोनला किती घाबरतात तुला ठाऊक आहे. चौकशी चाललेली असेल. अशा दिवसांत इकडच्या माणसाने तिकडे फिरकू नये, एवढंच.

जोल्दोशबरोबर जर्दाळू पाठवलेत. थोडे कच्चे आहेत.

साल्कीन


साय-बोयू, ४ जून

एल्दियार,

तुझा निरोप मिळाला: “मॉडेल तिचं, मग घाबरायचं मी का?” बरोबर आहे तुझं. आता मी सगळं लिहिते. हे पत्र जोल्दोश तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत उभा राहील. तसं त्याच्याकडून वचन घेतलंय.

ते मंडळाचं मॉडेल नव्हतं. मंडळाची तर सगळी कपाटात कोंडलेली. ते तुझं होतं. सात नंबर. सैन्यात जायच्या आधी बांधलेलं, पिवळ्या कागदाचं.

माझ्या खोलीत कपाटावर होतं ते, मामीतोवच्या यादीत नव्हतं. सील लागल्याच्या दुसऱ्या दिवशी माझं डोकं इतकं तापलं होतं की मी ते उचललं आणि मैदानावर गेले. कुणाला कळवलं नाही. म्हटलं, एक उड्डाण. एकच. बघू कोण मला अडवतं ते. आणि खरं सांगू? तुझी आठवण येत होती. दुसरंही मॉडेल मी मागून आणू शकले असते.

पॉपलरच्या झाडांचा कापूस उडत होता. खूप वेळ तो नुसताच जमिनीलगत लोळत होता आणि मी दोरी ताणून मॉडेलला वर फिरवत बसले होते. मग एकदम सगळा कापूस वर निघाला. बाजूला एक घार पंख न हलवता चढत होती. अशी हवा उन्हाळ्यात एखाद्या वेळीच मिळते. मी दोरी सोडली. सात नंबर असं चढलं, असं चढलं की मी लहान पोरीसारखी ओरडले. आणि मग खिशात हात गेला तर काडेपेटी. भरलेली. मी वात पेटवलीच नव्हती.

वारा फिरला वगैरे सगळं खोटं. मी वात पेटवायची विसरले. मंडळात पहिल्या दिवशी मी पोरांना हेच शिकवते: वात जळत रबरापर्यंत पोचते, रबर तुटतं, शेपटी उभी राहते, मॉडेल गुपचूप खाली येतं. वात नाही तर मॉडेल आपलं नाही, ते हवेचं. एखादा पोरगा विसरला तर मी त्याला महिनाभर नुसती दोरी गुंडाळायला लावते. आणि मी, या वयात!

आता मुख्य गोष्ट. पंखावर तुझं नाव आहे. आपल्या रिवाजाप्रमाणे तू मोठ्या अक्षरात लिहिलंस: एल्दियार, साय-बोयू, फोन नंबर, आणि खाली ‘आणून देणाऱ्यास पुलाव’. कालव्याकाठी मेंढ्या चारणारा म्हातारा सांगत होता की पलीकडच्या शिपायांनी ते शेतातून उचललं आणि दोन्ही हातांवर धरून, बाळंतिणीचं मूल न्यावं तसं चौकीत नेलं.

तुझ्या नावावर ड्रोनचा परवाना आहे. तुझ्या नावावर त्या लग्नातली ताकीद आहे. आता त्याच नावाची उडणारी वस्तू त्यांच्या हातात आहे. ते कसला वारा आणि कसली वात ऐकून घेणार? पासपोर्ट काचेखालून सरकवलास की धरतील तुला. दुसऱ्यांदा सापडला म्हणजे तुरुंग, असं तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं.

तू म्हणशील, मग एजे, तू जाऊन का सांगितलं नाहीस? मी रोज स्वतःला तेच विचारते. मंडळाचा अर्ज मामीतोवच्या टेबलावर आहे. माझं नाव यात आलं तर सील कधीच निघायचं नाही. म्हणून मी गप्प बसले. म्हटलं, तू नुसता गेला नाहीस तर सगळं आपोआप विरून जाईल. स्वतःची कातडी वाचवली आणि वर तुला गोवराची भीती घातली. घे, आता मनसोक्त शिव्या दे. पण जाऊ नकोस रे. हात जोडते.

साल्कीन


चौकीच्या रांगेतून, ८ जून

एल्दियार,

जोल्दोश ते पत्र तसंच परत घेऊन आला. तुझ्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, लवकर निघाला, कुणाच्या तरी गाडीतून. म्हणजे तू आपल्या घरावरून गेलास आणि मी अंगणात कपडे वाळत घालत होते.

सकाळी मुहाय्योचा फोन आला. आधी मला तिचा आवाजच ओळखू आला नाही. म्हणाली, “तुझ्या भावाला कालपासून चौकीत बसवून ठेवलंय. कुठलं तरी विमान दाखवलं आणि विचारलं, तुझं का? तर हा म्हणाला, हो, माझंच! एजे, याच्याकडे असलं विमान कधी होतं?” मागे लग्नाचा गलबला ऐकू येत होता.

हो म्हणालास? अरे शहाण्या! माझं पत्र तुला मिळालं नव्हतं, तुला कशाचा काही पत्ता नव्हता, ‘मला ठाऊक नाही’ म्हणायला काय जात होतं तुझं? माझा जीव टांगणीला लागलाय आणि मला तुझा इतका राग आलाय की समोर असतास तर कानाखाली दिली असती.

कागद गुडघ्यावर ठेवून लिहिते आहे, अक्षर बघू नकोस. माझ्यापुढे एक बाई चेरीच्या टोपल्या घेऊन उभी आहे, तिला वाटतंय मी सामानाची यादी करते. तू त्या पांढऱ्या भिंतीच्या आत आहेस. माझा नंबर आला की मी पासपोर्ट द्यायच्या आधीच सांगणार, ते मॉडेल मी उडवलं. मंडळाचं काय व्हायचं ते होवो. मला अर्जाचं आता काही वाटत नाही. तुझं वाटतं.

चेरीवाली पुढे सरकली. ठेवते.


साय-बोयू, १२ जून

एल्दियार,

तुला एका दाराने सोडलं आणि मला दुसऱ्या दाराने सह्यांसाठी नेलं. मी वळून बघेपर्यंत तू मेहुण्याच्या गाडीत बसला होतास. हाक मारली, पण बाजूला ट्रक सुरू होता. म्हणून जे घडलं ते लिहिते.

कॅप्टन तुर्गुनोव टेबलाशी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. सात नंबर मागे कपाटावर ठेवलेलं, पंखाचा कागद थोडा फाटलेला. मी म्हटलं, “ते माझ्या हातून सुटलं. माझ्या भावाचा काही संबंध नाही.”

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुमचा भाऊ म्हणतो, त्यानेच उडवलं. वात पेटवायला तोच विसरला म्हणे. मी वात म्हणजे काय तेही विचारलं, त्याने नीट समजावून सांगितलं.”

तुला त्यांनी मॉडेल दाखवलं असेल, तू शेपटीखाली न जळलेली वात बघितली असशील, आणि तेवढ्यावरून तुला सगळं कळलं असेल.

“आणखी म्हणाला,” कॅप्टनने सालं झटकली, “बहिणीला यातलं काही येत नाही.”

“मला येत नाही?” मी इतकी ओरडले की बाहेरचा शिपाई आत आला. “साहेब, त्याला दोरी धरून धड पळता येत नाही! दर खेपेला पंख मोडून आणायचा. हे बांधलं त्याने, पण याला उडायला मी शिकवलंय! तो तर त्या दिवशी बिश्केकमध्ये दुसऱ्यांची लग्नं टिपत होता, कुणालाही विचारा.”

कॅप्टनने बिया बाजूला सारल्या. मग म्हणाला, “उडवून दाखवा.”

चौकीमागे कापणी झालेलं गव्हाचं शेत आहे, तिथे मला नेलं. दोन शिपाई, कॅप्टन आणि एक कुत्रं. मी पंखाचा फाटका कागद चिकटपट्टीने जोडला. दोरी माझ्या पिशवीत होतीच, ती कुठे सुटते? उभी राहिले. आणि हवा अशी मेलेली की पान हलेना.

“उडवा की.”

“आत्ता नाही. हवा नाही.”

“किती वेळ?”

“ते हवेला विचारा.”

त्यांना वाटलं मी टाळाटाळ करते आहे. उडालं नाही तर मी खोटी, तू चोर. ऊन चढत गेलं. मी कॅप्टनला म्हटलं, पॉपलरच्या कापसाकडे बघा, तो वर निघाला की हवा आली. मग तेही बघायला लागले. तिघं गणवेशातले बाप्ये तोंड वर करून कापसाकडे बघत होते, आणि तरुण शिपाई मध्येच ओरडायचा, “तो बघा! नाही, खाली आला.”

शेवटी कापूस निघाला. कॅप्टनच म्हणाला, “बाई, आता!” मी आधी वात पेटवली, फुंकर मारून बघितली, पुन्हा बघितली. मग पळाले. माझं वय आणि ते कापलेलं शेत, दोनदा अडखळले. सात नंबर वर गेलं, मी दोरी सोडली, आणि ते त्या चौकीवर, त्या तारेवर, गोल गोल चढत राहिलं. मग टप्पकन शेपटी उभी राहिली आणि ते तरंगत तरंगत खाली आलं, शेताच्या कडेला. तरुण शिपायाने टाळ्या वाजवल्या. कॅप्टनने त्याच्याकडे बघितलं तेव्हा थांबला.

“हे ड्रोन नाही,” कॅप्टन म्हणाला.

“मी तेच सांगत होते.”

“पण सीमा ओलांडली.”

“ओलांडली. माझ्या चुकीने.”

“मग कागद होणार. तुमच्या नावाने.” आणि पेन उघडता उघडता म्हणाला, “पंखावर पुलाव लिहिलाय, तो कुठाय?” मी म्हटलं, सोडा माझ्या भावाला, कढईभर आणून देते. तो हसला नाही, पण तुला सोडलं. तू खिडकीतून बघितलंस का माझं उड्डाण? मुहाय्योला विचारलं, ती म्हणाली, तो काही बोलत नाही, नुसता जेवतो आणि झोपतो.

कागद इकडे मामीतोवकडे पोचला. त्याने मला बोलावलं, चहासुद्धा दिला. सीमा ओलांडणाऱ्या उड्डाणाचा दोष ज्याच्या नावावर, त्याला दोन वर्षं काहीही उडवता येत नाही. मॉडेल नाही, मंडळ नाही, कागदी विमानसुद्धा नाही म्हणाला, पण ते बहुतेक गमतीत. मी विचारलं, मग सील? तो म्हणाला, “परवाना असलेला माणूस आणा, त्याच्या नावाने रकाना भरतो आणि आजच कपाटं उघडतो. ड्रोनचा परवाना चालेल. उडतं ते उडतं.” मी घरी येऊन खूप रडले. मग तोंड धुतलं आणि विचार केला. तुझ्यावरचा आरोप माझ्या नावावर आला, तुझा परवाना शाबूत आहे. आणि साय-बोयूचा म्हणावा असा परवानेवाला दुसरा कोण आहे? तू आणि तुझं उडतं मिक्सर.

भर पंगतीत मी तुला बोलले ते चुकीचं होतं. आभाळ तू बंद केलं नव्हतंस. मी रागावले होते आणि मला कुणीतरी हवं होतं बोलायला. हे मी तिसऱ्या पत्रातही लिहिलं नव्हतं (ते परत आलेलं पत्र आणि रांगेतला कागद याच पाकिटात आहेत), आता लिहिते. तू माझ्यासाठी हो म्हणालास. का म्हणालास हे विचारणार नाही, तू उत्तर देणार नाहीस.

पोरं रोज शाळेमागे येऊन सीलकडे बघून जातात. बिश्केकला परत जाताना या वेळी घरावरून पुढे जाऊ नकोस. थांब. रकान्यात तुझं नाव घाल. तुला उन्हाळाभर राहायचं नसेल तर नको राहू, महिन्यातले ते चार दिवस ये, पोरांना तुझं ड्रोनसुद्धा दाखव, मी काही बोलणार नाही, निदान पोरांसमोर तरी. दोरी घेऊन तू पळ, पंख मोडलास तर मोड. मी मागे मॉडेल डोक्यावर धरून उभी राहीन. मामीतोवला मी दोनदा विचारून घेतलंय, नुसतं धरून उभं राहायला परवाना लागत नाही.

साल्कीन